दर आठवड्याला हवा धरणारं होडीचं इंजन

आधी दुखणं सांगतो, म्हणजे ज्याच्या होडीचं हेच रडगाणं असेल त्याला लगेच ओळख पटेल. पत्र्याची अठरा फुटी होडी. मागच्या अंगाला एका सिलिंडरचं, ५ एचपीचं, १५०० आरपीएमचं, पाण्यावर थंड होणारं डिझेल इंजन. सकाळी दोन हँडलात चालू. जाळ्यापर्यंत जाताना ठणठणीत. मासळी भरून माघारी निघालं की पंधरा-वीस मिनिटांत आवाज वर-खाली व्हायला लागतो, धूर विरळ होतो आणि इंजन हळूहळू मरतं. डिझेलच्या पाइपात शिरलेली हवा काढली की चालू, दहा मिनिटांनी पुन्हा बंद. मिस्त्री येतो, काहीतरी बदलतो, पुढचे आठ दिवस इंजन शहाण्या लेकरासारखं चालतं. नवव्या-दहाव्या दिवशी परत पहिले पाढे पंचावन्न.

आम्ही दोन हंगाम हे सोसलं. डिझेलचा फिल्टर तीनदा बदलला, सिलिंडरात डिझेलचा फवारा मारणारं नोझल एकदा, डिझेल पंपाचं एलिमेंट एकदा. शेवटी ‘रिंगा-लायनर टाका, नाहीतर नवं इंजनच घ्या’ इथवर गोष्ट आली होती. आज तेच इंजन, त्याच जुन्या रिंगांवर, रोज चालतंय.

इंजन मुळात होडीचं नाही हे आधी लक्षात घ्या, कारण सगळी गोम तिथंच आहे. अण्णांनी ते पैठणच्या जायकवाडी धरणाच्या, म्हणजे नाथसागराच्या, फुगवट्याचं पाणी रानात उचलायला घेतलं होतं. पुढं लाईट आली, मोटार बसली आणि इंजन गोठ्याच्या कोपऱ्यात पोत्याखाली गेलं. चुलत्यांनी मासेमारीसाठी होडी बनवून घेतली तेव्हा ते बाहेर काढलं, सागाच्या दोन जाड फळ्यांवर बसवलं, त्याला जोडून गिअरबॉक्स, शाफ्ट आणि होडी ढकलणारा पाण्यातला पंखा. रानात असताना डिझेलची टाकी इंजनाच्या डोक्यावर होती. होडीत ती जाळं ओढताना कपाळाला लागायची, आणि मागचा भारही जास्त व्हायचा. म्हणून टाकी काढून पुढच्या फळीखाली ठेवली आणि तिथून रबरी पाइप मागं आणला. वीस लिटरची टाकी. काम सुबक दिसत होतं. कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही.

इंजन बंद पडलं की आमचा ठरलेला कार्यक्रम असायचा. फिल्टरवरचा स्क्रू सैल करायचा, एकानं पुढं जाऊन टाकीच्या तोंडाला फडकं गुंडाळून जोरात फुंकायचं, मागं बुडबुडे निघून डिझेल आलं की स्क्रू आवळायचा. फुंकून फुंकून तोंडाला डिझेलची चव यायची, तंबाखूसुद्धा गोड लागत नव्हती. आता मागं वळून पाहिलं की हसू येतं. रोग तिथंच डोळ्यांसमोर होता. या जातीच्या इंजनात स्क्रू सैल केला की डिझेल आपोआप वाहायला पाहिजे. फुंकावं लागतंय याचा अर्थ ते स्वतःच्या वजनानं पंपापर्यंत पोचतच नाही.

आमचे मिस्त्री म्हणजे पैठणचे एक चाचा, वय सत्तरीचं, कान इतका तयार की आवाजावरून व्हॉल्व्हच्या टॅपेटची फट सांगतात. त्यांनी पहिल्याच दिवशी निदान केलं होतं, “हवा पकडरा इंजन. पाइप देखो पैले.” पाइप पाहिला, क्लिपा आवळल्या, तांब्याचे वायसर बदलले. मग ते म्हणाले, टाकी भरून आणा, चालवून बघू. आम्ही दहा लिटरचा कॅन ओतला. इंजन तासभर चाललं. चाचा सायकलवर बसून गेले. पुढच्या वेळी फिल्टर बदलला, टाकी भरली, इंजन चाललं. त्याच्या पुढच्या वेळी नोझल.

कोडं सुटलं ते काकूमुळं. घरातला हिशोब तिच्याकडं असतो. कटला किती, रोहू किती, चिलापी किती, बर्फाचे किती, सगळं वहीत. एका संध्याकाळी ती वैतागून म्हणाली, “मिस्तरी आला की डिझेल, डिझेल आणलं की मिस्तरी. दोन्ही खर्च एकाच दिवशी कसे काय यायलेत रे?” मी वही ओढून घेतली. सात महिन्यांच्या नोंदी. ज्या ज्या दिवशी ‘मिस्त्री’ लिहिलंय, त्याच्याच खालच्या ओळीला ‘डिझेल १० लि.’

असं इंजन तासाला साधारण लिटरभर डिझेल पितं, पूर्ण भार नसेल तर त्याहून कमी. आमचं रोजचं दीड तासाचं चालणं. म्हणजे आठवडा-दीड आठवड्यात टाकी अर्धी. इंजन बिघडत होतं ते टाकी अर्धी झाल्यावर, आणि बरं होत होतं ते टाकी भरल्यावर. मधल्या काळात आम्ही जो भाग बदलला त्याला श्रेय देत गेलो. चाचांनी तर अर्धी टाकी कधी बघितलीच नव्हती, कारण ते यायच्या आधी किंवा आल्या आल्या आम्ही ती भरायचो.

दुसऱ्या दिवशी खात्री करायला गवंड्याची लेव्हलची नळी आणली, घर बांधताना पाण्याची पातळी बघायला वापरतात ती. होडी शांत पाण्यात बांधली. नळीत पाणी भरून एक टोक टाकीजवळ धरलं, दुसरं पंपाच्या डिझेल आत जाणाऱ्या नटाजवळ. टाकीवर खडूनं रेघ मारली. पंपाची पातळी टाकीच्या बरोबर मध्याच्या थोडी वर येत होती. मग दोघांना पुढं, मासळी ठेवतो तिथं बसवलं. होडीचं नाक खाली गेलं आणि रेघ अजून तीन बोटं वर सरकली. जाताना होडी रिकामी, नाक वर, डिझेल पंपाच्या वर. येताना मासळी पुढं, नाक खाली, डिझेल पंपाच्या खाली. परतीच्या वाटेवरच का बंद पडतं, याचंही उत्तर त्या रेघेत होतं.

इथं एक यंत्रातली गोष्ट नीट समजून घ्या. ट्रॅक्टर किंवा जीपला डिझेल ओढून आणणारा वेगळा फीड पंप असतो. रानातल्या एका सिलिंडरच्या इंजनाला बहुतेक वेळा तो नसतो. टाकी वर, फिल्टर मधे, पंप खाली, आणि डिझेल उतारानं येतं, एवढीच व्यवस्था. नोझलकडं डिझेल ढकलणारा पंप ढकलण्यात पहिलवान असतो, चौरस सेंटिमीटरला जवळजवळ २०० किलो दाबानं ढकलतो, पण ओढण्याचं काम त्याचं नाही. टाकी खाली गेली की पाइपात ओढ निर्माण होते. मग जिथं जिथं सांधा सैल, वायसर दबलेला, पाइप कडक होऊन चिरलेला, तिथून डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. म्हणूनच आम्हाला गळती कधी दिसली नाही. सगळे सांधे कोरडे ठणठणीत, आणि आम्ही समजत होतो पाइप चांगला आहे.

तुमच्याकडं असंच होत असेल तर एक पैसाही खर्च करायच्या आधी ही परीक्षा करा. पाच लिटरचा स्वच्छ कॅन घ्या, त्याच्या बुडाला नळी बसवा, कॅन इंजनापेक्षा दोन-अडीच फूट उंच बांधा आणि नळी थेट फिल्टरला जोडा. कॅनच्या झाकणाला भोक ठेवायला विसरू नका. जुनी टाकी, जुना पाइप, सगळं बाजूला. आता होडी काठाला दोरानं बांधून गिअर टाका आणि तासभर भारावर चालवा. बंद पडलं नाही, तर इंजनाला हात लावू नका, दोष टाकी आणि फिल्टरच्या मधे आहे. कॅनवरही बंद पडलं तर फिल्टर, पंप, नोझल या क्रमानं पुढं जा.

झाकणाच्या भोकाचं सांगितलं कारण तोही आमचाच अनुभव. पहिल्या पावसाळ्यात टाकीत पाणी जाऊ नये म्हणून कुणीतरी झाकणाखाली प्लास्टिकची पिशवी दाबून बसवली होती. हवा आत जायला वाटच नाही. डिझेल जसं कमी होतं तशी टाकी आतून ओढ धरते आणि इंजन उपाशी मरतं. ओळखायची खूण सोपी: इंजन बंद पडल्या पडल्या झाकण उघडा, सुस्कारा टाकल्यासारखा आवाज आला तर तेच. आम्ही ती पिशवी काढली, थोडा फरक पडला, आणि त्या थोड्या फरकानंच आम्हाला आणखी एक महिना फसवलं.

आता आम्ही काय केलं ते. अँगलचा स्टँड वेल्डिंग करून टाकी परत वर घेतली, यावेळी इंजनाच्या डाव्या बाजूला, सायलेन्सरपासून लांब, कपाळाला लागणार नाही अशी. टाकीचं बूड पंपाच्या दीड फूट वर. पट्टीनं घट्ट आवळली, कारण लाटेवर वीस लिटर डिझेल उंचावर हेलकावे खातं तेव्हा स्टँड सैल होतो. डिझेल घ्यायची नळी बुडाच्या इंचभर वर ठेवली आणि अगदी तळाला वेगळा नळ बसवला. रोज सकाळी तो नळ कपभर सोडायचा. पावसाळ्यात त्या कपात खाली पाण्याचा थेंब आणि तपकिरी शेवाळासारखा गाळ दिसतो. तो फिल्टरात जाण्यापेक्षा कपात बरा. पाइप डिझेलसाठीचाच घ्या. पारदर्शक स्वस्त नळी दिसायला चांगली, बुडबुडेही दिसतात, पण काही महिन्यांत उन्हानं काठीसारखी कडक होते. वायसर प्रत्येक वेळी नवे. सगळा खर्च आम्ही नोझलवर घातला त्याच्याही निम्मा.

टाकी वर गेल्यावर एक उलट गोष्ट होते. आता सांधा सैल झाला तर डिझेल बाहेर येतं. त्यामुळं दोष डोळ्याला दिसतो, पण होडीच्या तळात डिझेल साचतं आणि पाणी उपसताना तलावात जातं. नाथसागराचं पाणी छत्रपती संभाजीनगर आणि जालना पितं, शिवाय हे पक्षी अभयारण्य आहे. टाकीच्या तोंडाशीच बंद करायचा नळ ठेवा, इंजन थांबलं की तो बंद. आणि तळातलं तेलकट पाणी डब्यात काढून काठावर आणा.

हवा काढायची पद्धतही सांगून ठेवतो, कारण अर्धवट काढलेली हवा हीच अर्ध्या लोकांची तक्रार असते. आधी फिल्टरवरचा स्क्रू सैल. बुडबुडे संपून सलग धार आली की आवळा. मग पंपावरचा स्क्रू, तसंच. मग नोझलकडं जाणाऱ्या लोखंडी पाइपाचा नोझलजवळचा नट दोन आटे सैल करा, डिकॉम्प्रेशनची (सिलिंडरातला दाब सोडणारी) दांडी वर करा आणि हँडल फिरवा. तिथून डिझेल पिचकारीनं उसळायला लागलं की नट आवळा आणि पुन्हा चार-पाच फेरे मारा. नोझलमधून ‘कर्र’ असा आवाज आला पाहिजे. तो आवाज आला की दांडी खाली आणि इंजन चालू. आवाज आला नाही तर कितीही हँडल मारा, घामच निघणार. नोझल बाहेर काढून तपासत असाल तर फवाऱ्यासमोर बोट धरू नका, तो दाब कातडीतून आत जातो आणि जखम बाहेरून दिसते त्याच्यापेक्षा फार वाईट असते. हँडल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवा. इंजनानं उलटा झटका दिला तर मनगट वाचतं.

बंद पडणं दोन तऱ्हांचं असतं हे मात्र ओळखायला शिका. डिझेल कमी पडून मरणारं इंजन हेलकावे खात, धूर कमी करत मरतं आणि नंतर हँडल हलकं फिरतं. तापून मरणारं जड होत जातं, जळका वास येतो आणि हँडल फिरता फिरत नाही. तापण्याचं दुखणं आमच्याकडं उन्हाळ्यात येतं. जायकवाडीचा तलाव मोठा पण उथळ. भरला की १५२२ फूट म्हणतात, आणि एप्रिल-मेमधे काठ इतका मागं सरकतो की दिवाळीला होडी बांधली होती तिथं लोकांची गाळपेर उभी असते. तेव्हा पंखा चिखल उडवतो आणि इंजन थंड करायला ओढलेलं पाणी म्हणजे पातळ गाळच असतो. इंजनातून बाहेर पडणाऱ्या पाण्याच्या धारेखाली येता-जाता हात धरायची सवय लावा. धार बारीक झाली किंवा हाताला सोसेना, की इंजन मंद करून तळाची जाळी साफ करा. आणि तापलेल्या इंजनावर बादलीभर गार पाणी ओतायची हौस करू नका, हेड तडकतं.

काळा धूर, जड आवाज, पण हवा-पाणी सगळं ठीक, असं असेल तर पंखा मोठा पडतोय. भरल्या होडीत पूर्ण थ्रॉटलला इंजन आपल्या आरपीएमपर्यंत चढलं पाहिजे. चढत नसेल तर ते रोज ओझ्याखाली दबतंय. शाफ्ट होडीबाहेर जातो तिथल्या ग्लँड दोरीचं विहिरीवरच्या पंपासारखंच: चालताना थेंब थेंब टिपकू द्या, एकदम कोरडी आवळली तर शाफ्ट खाते.

राहिला प्रश्न इंजन बदलायचं कधी. डिकॉम्प्रेशनची दांडी खाली ठेवून हँडल सावकाश फिरवा. दाबाशी आलं की ते घट्ट अडून मागं उसळलं पाहिजे. नुसतं ‘फुस्स’ करून पुढं गेलं, ऑइल भरायच्या तोंडातून धुराचे भपके यायला लागले आणि निळा धूर तापल्यावरही राहिला, तर रिंगा-लायनर झिजलेत. एवढ्यावरही इंजन टाकून द्यायचं कारण नाही. या इंजनांचे भाग तालुक्याच्या बाजारात मिळतात आणि लायनर मोजून द्यायला लेथवाला असतो. ऑइल चहासारखं दुधाळ झालं तर पाणी शिरलंय, आधी हेड गॅस्केट बघा. ब्लॉकच तडकला असेल, किंवा क्रँकचं बेअरिंग ठोकत असेल आणि क्रँक आधीच एकदोनदा घासून झाला असेल, तर मात्र नव्या इंजनाचा हिशोब मांडा.

बदलताना एचपी जुळली म्हणजे सगळं जुळलं असं नसतं. जुनं मंद चालीचं ६५० आरपीएमचं इंजन काढून १५०० चं टाकलं तर गिअरबॉक्स आणि पंखा दोन्ही पुन्हा ठरवावे लागतात. वजन बदललं की होडीचं नाक वर-खाली होतं. शाफ्टची सरळ रेघ होडी पाण्यात असताना जुळवा, काठावर जुळवलेली पाण्यात गेल्यावर हलते, कारण पत्रा लवतो.

आणि फिरण्याची दिशा. शेजारच्या गावातल्या एका पाहुण्यानं रानातलं वापरलेलं इंजन स्वस्तात आणलं. शाफ्ट चाकाच्या बाजूनं घ्यायच्या ऐवजी दुसऱ्या टोकानं घेतला, त्यामुळं पंखा उलटा फिरायला लागला. माणसं नारळ फोडायला काठावर उभी, पाहुण्यानं पुढचा गिअर टाकला, आणि होडी मागं मागं येत नारळवाल्याच्या गुडघ्याला लागली. त्यानं मग आठवडाभर रिव्हर्स गिअरवरच होडी पुढं चालवली. गिअरबॉक्समधला रिव्हर्स तासन्‌तास भार घ्यायला केलेला नसतो, हे त्याला चाचांनी सांगितलं तेव्हा गिअरचे दात आधीच ऑइलमधे उतरले होते.